एकाच शहरातले दोन क्लब, फॅन वाटले कसे जातात?

स्कॉटलंडच्या डंडी शहरातले फुटबॉल क्लब डंडी आणि डंडी युनायटेड, दोघांची ग्राउंड्स एकाच रस्त्यावर, चालत पाच मिनिटंही लागत नाहीत. मग तिथला पोरगा ह्या गेटातून आत जायचं की त्या, हे ठरवतो कशावरून? जो जिंकतोय त्याच्या मागे जातात का?

उत्तर १: जिंकण्यावर फार नाही हो, घरावर असतं. बाप हात धरून ज्या स्टँडमध्ये नेतो तोच क्लब आपला. पण लिव्हरपूलमध्ये तर एकाच घरात एक भाऊ लाल (लिव्हरपूल क्लबचा) एक निळा (एव्हर्टनचा), १९८४ च्या लीग कपच्या फायनलला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये दोन्हीकडचे लोक सरळ शेजारी शेजारी बसलेले, लाल स्कार्फला लागून निळा. मला ते फोटो बघून आजही भरून येतं.

उत्तर २: आणि ह्या दोघांचं मूळ भांडण भाड्याचं! लिव्हरपूलचं आजचं ग्राउंड ॲनफिल्ड आधी एव्हर्टनचं ग्राउंड होतं, १८९२ ला भाड्यावरून वाजलं, ते निघून गेले आणि रिकाम्या मैदानासाठी त्याचा मालक जॉन होल्डिंगने नवा क्लब काढला, तोच लिव्हरपूल. मिलानमध्येही तसंच, परदेशी खेळाडू घ्यायचे की नाही यावरून १९०८ मध्ये एसी मिलान क्लबातून इंटर वेगळा झाला. आता दोघं एकाच सान सिरो स्टेडियममध्ये खेळतात.

उत्तर ३: कोलकाता विसरू नका. मोहन बागान १८८९ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. फाळणीत सगळं सोडून आलेल्यांना ईस्ट बंगाल म्हणजे मागे राहिलेलं गाव वाटायचं, तिथे पॉइंट्स टेबल बघून क्लब कोण बदलणार?