परक्या ज्येष्ठ स्त्रीला ‘आंटी’ म्हणावे का?

सिडनीकर
ऑस्ट्रेलियात शाळेच्या किंवा नगरपालिकेच्या कार्यक्रमाचा आरंभ पुष्कळदा त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीच्या स्वागतपर शब्दांनी होतो, आणि ती व्यक्ती स्त्री असेल तर पत्रिकेवर तिच्या नावाआधी ‘आंटी’ छापलेले असते. हा मान तिला तिच्या समाजाने दिलेला असतो. केवळ वय झाले म्हणून तो मिळत नाही. आपल्या मराठी मुलांनीही त्यांना आंटीच म्हणावे, असे माझे ठाम मत आहे.

सिडनीच्या रेडफर्न भागातल्या, मूळ रहिवासी समाजाच्या शर्ली स्मिथ यांना सगळे ‘मम शर्ल’ (मम म्हणजे आई) म्हणत. भाऊ तुरुंगात गेला तेव्हा त्या त्याला भेटायला जात, आणि पुढे ज्यांना कोणीच भेटायला येत नसे अशा इतर कैद्यांकडेही जाऊ लागल्या. कैद्याशी नाते काय, असे अधिकाऱ्यांनी विचारले की ‘मी त्याची मम’ हे उत्तर ठरलेले असे, आणि तेच त्यांचे नाव झाले. १९७० साली मूळ रहिवाशांसाठी कायदेविषयक मदतीची आणि १९७१ साली वैद्यकीय सेवेची जी संस्था रेडफर्नमध्ये उभी राहिली, त्या दोन्हींच्या उभारणीत त्या होत्या. अशा बाईंना ‘मिसेस स्मिथ’ म्हणून आपण कोणता अधिक आदर दाखवणार आहोत?

अटलांटावासी
आपल्या भावनेविषयी शंका नाही, पण निष्कर्ष मला मान्य नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोरी माणसे वयस्क कृष्णवर्णीय स्त्रीला ‘आंट’ किंवा ‘आंटी’ म्हणत, ते जिव्हाळ्यापोटी नव्हे, तर तिला ‘मिसेस’ म्हणायचे नाही म्हणून. तरुण स्त्रीला तर नुसत्या नावाने पुकारले जाई. १९६३ साली अलाबामातील गॅड्सडेनच्या न्यायालयात मेरी हॅमिल्टन या कृष्णवर्णीय तरुणीने, सरकारी वकील आपल्याला ‘मिस हॅमिल्टन’ म्हणत नाही तोवर उत्तर देणार नाही, अशी भूमिका घेतली. त्याबद्दल त्यांना न्यायालयाच्या अवमानाची शिक्षा झाली, कैद आणि पन्नास डॉलर दंड, आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. एका साध्या उपपदासाठी इतके भोगावे लागले.

‘आंट जेमायमा’ हे पॅनकेकच्या पिठाचे नावही त्याच परंपरेतले. गुलामगिरीत जन्मलेल्या नॅन्सी ग्रीन १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात जेमायमाच्या वेषात उभ्या राहून पॅनकेक करत होत्या. ते नाव बदलायला २०२१ साल उजाडावे लागले. हा इतिहास ठाऊक असताना परक्याने कोणाच्या घरातले नाते उचलू नये, असे मला वाटते.

सिडनीकर
अमेरिकेतले ते संबोधन वरून लादलेले होते, तर इथले आतून आलेले आहे. आपण दोन्ही एकाच मापाने मोजता, हे मला पटत नाही.

गिरगावची
मुंबईचीही एक आठवण नोंदवते. दारूबंदीच्या काळात हातभट्टीच्या अड्ड्याला सर्रास ‘आंटीचा अड्डा’ म्हणत, कारण त्यांतले बरेच अड्डे गोव्याकडच्या ख्रिस्ती बायका घरातच चालवत असत. परिणामी शेजारच्या वाडीतली, दिवसभर शिवणकाम करणारी एखादी प्रौढ ख्रिस्ती बाईही लोकांच्या नजरेत ‘तसली आंटी’ ठरे, आणि तिचा त्यात काहीच दोष नसे. आजही अनोळखी दुकानदाराने आंटी म्हटलेले माझ्या पिढीतल्या अनेकींना आवडत नाही. काकू किंवा मावशी चालते, कारण त्यात वयाचा टोमणा जाणवत नाही. तरीही सिडनीकरांचे म्हणणे मला अधिक जवळचे वाटते. ऑस्ट्रेलियातल्या त्या ज्येष्ठ बाईंनीच ते संबोधन स्वीकारले असेल, तर आपण भिडेपोटी ते टाळणे म्हणजे त्यांनी दिलेला मान परत करणे होय.

अटलांटावासी
स्वीकारले आहे, हे आपण गृहीत धरतो आहोत. त्यांच्या समाजाने आंटी म्हणणे आणि आपण म्हणणे यांत फरक आहे, आणि काही ज्येष्ठ स्त्रिया तो मानतात. माझा आग्रह इतकाच, की शाळेने कार्यक्रमाआधी त्यांनाच विचारावे आणि त्या सांगतील तेच मुलांना शिकवावे. त्या ‘आंटी’ म्हणा म्हणाल्या, तर माझा विरोध संपला. पण विचारण्याआधीच मुलांच्या तोंडी ते घालणे मला आजही अनुचित वाटते.

सिडनीकर
विचारावे, हे मान्य; आमच्या शाळेला मी तसे कळवीन. मात्र उत्तर येईपर्यंत मुलांनी ‘मिसेस’ म्हणावे, हे मान्य नाही. पत्रिकेवर त्यांच्या संमतीने जे छापले आहे, तेच मुलांनी वाचावे.