ग्रिंडेलवाल्डमध्ये ४ दिवस: बाबांना आयगर जवळून दाखवायचाय, कोणती वाट घेऊ?

पानशेतची_पोर:
नमस्कार मंडळी, जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्डला ४ दिवस राहणार आहोत. मी, नवरा, ११ वर्षांची लेक आणि माझे बाबा, वय ६६. बाबा तरुणपणी सह्याद्रीत भरपूर फिरलेत आणि त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून आयगर शिखराच्या उत्तर भिंतीचा (उभ्या कड्याचा) एक जुना कॅलेंडरचा फोटो चिकटवलेला आहे, माझ्या जन्माच्या आधीपासून. त्यामुळे ट्रिप मुख्यतः त्यांच्यासाठी. ती भिंत लांबून हॉटेलच्या खिडकीतून नाही तर पायथ्याशी उभं राहून बघायचीय. लिफ्ट आणि ट्रेनसाठी माणशी २०० फ्रँक ठेवलेत, त्याच्या वर जमणार नाही. युंगफ्राउयोख करायचं नाहीये हे आधीच सांगते. बाबांचा डावा गुडघा थोडा त्रास देतो. कोणत्या वाटा कराव्यात?

तोरणा७६:
युंगफ्राउयोख चुकवू नका असं मी म्हणेन. ३४५४ मीटरवर रेल्वे स्टेशन, १९१२ साली सुरू झालेली लाईन, आयगरच्या पोटातून बोगदा जातो. आम्ही तर तिथून पुढे ग्लेशियरवरच्या आखलेल्या वाटेने म्योंख शिखराजवळच्या हटपर्यंत चालत गेलो, पाऊण तास लागला, बायको आणि मी दोघंच, आणि तिथे गरम सूप प्यायलो ते अजून आठवतं. एवढ्या लांब जाऊन वर न जाणं म्हणजे पंढरपूरला जाऊन कळसाचं दर्शन घेऊन परत येणं.

पानशेतची_पोर:
काका, पूर्ण भाडं एकट्या त्याचंच २०० च्या वर जातं हो. आणि बोगद्यातून भिंत दिसत नाही, आम्हाला भिंतच बघायचीय.

तोरणा७६:
पूर्वी आयगरवांड स्टेशनवर गाडी थांबायची आणि काचेतून थेट भिंतीतून बाहेर बघता यायचं. आता तो थांबा बंद झालाय, आम्ही बघितलाय म्हणून सांगतो.

फ्रँकफुर्टकर:
फिर्स्टला जा, डोळे झाकून. गोंडोलाने (केबलकारने) २१६८ मीटरवर पोचायचं आणि तिथून बाखआल्पसे तळं तासाभरात, रस्ता इतका रुंद की लोक बाबागाडी घेऊन येतात. तळ्यात श्रेकहॉर्न शिखराचं प्रतिबिंब पडतं. मी चार वेळा गेलोय, प्रत्येक पाहुण्याला तिथेच नेतो.

डोंबिवली_लोकल:
+१ बाखआल्पसे. पण आम्ही जूनमध्ये गेलो तेव्हा तळ्यावर अर्धा बर्फ होता आणि प्रतिबिंब वगैरे काही दिसलं नाही, एवढे पैसे देऊन पांढरा बर्फ बघून आलो. दुपारी धुकं आलं ते वेगळंच. शिवाय एका दुकानात घाईत घेतलेले बूट दुसऱ्या दिवशी तळाशी सुटले आणि पावती नाही म्हणून बदलूनही मिळाले नाहीत. बूट इथूनच घेऊन जा, महिनाभर घालून फिरा आणि मगच न्या.

दुर्गवेडा_नाशिक:
बूट कशाला, आम्ही हरिश्चंद्रगड साध्या बुटांवर नळीच्या वाटेने केलाय. तिकडच्या वाटा आपल्या मानाने हायवे आहेत.

झुरिकवाली_मावशी:
नाशिककर, मी इथे १४ वर्षं राहतेय आणि दरवर्षी हेच वाक्य ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इथे वाटांच्या पाट्या रंगावरून वाचायच्या. नुसती पिवळी म्हणजे साधी चालण्याची वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, तिथे चांगले बूट आणि स्थिर पाय लागतात. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे आल्पाइन वाट, बर्फ, दोर, हाताने चढणं, तिथे लेकीला आणि बाबांना न्यायचं नाही. जूनमध्ये सावलीतल्या घळींत जुना बर्फ असतो, कडक आणि घसरडा, आणि त्याचा सह्याद्रीत कितीही फिरलं तरी अनुभव येत नाही. आपल्याकडे निसरडं म्हणजे शेवाळ आणि घसारा, इथलं वेगळं. पाटीवर अंतर नसतं, वेळ असते आणि ती वेळ विश्रांती न धरता लिहिलेली असते. दीड तास लिहिलं असेल तर लेकीबरोबर सव्वादोन धर.

पैशांचं म्हणशील तर प्रत्येक मोठ्याने हाफ फेअर कार्ड काढा, महिनाभर चालतं, ट्रेन, बस आणि बहुतेक सगळ्या केबलकारना अर्धं भाडं पडतं. लेकीसाठी त्याच्याबरोबर फॅमिली कार्ड मागून घे, ते फुकट मिळतं आणि आईवडिलांबरोबर असताना तिचं तिकीट लागत नाही. स्विस ट्रॅव्हल पास ग्रिंडेलवाल्ड गावापर्यंत चालतो, त्याच्या वर युंगफ्राउयोखच्या लाईनवर फक्त २५ टक्के सूट, तेव्हा तुमच्या ४ दिवसांत तो परवडणार नाही.

कातळकडा:
भिंत बघायची असेल तर एकच वाट, आयगर ट्रेल. बाकी सगळं विसरा. गावातून आयगर एक्सप्रेस गोंडोला १५ मिनिटांत आयगरग्लेचरला नेते, २३२० मीटर, आणि तिथून भिंतीच्या अगदी खालून आल्पिग्लेनपर्यंत उतरायचं, ६ किलोमीटर, दोन तास, ७०० मीटर उतार. डोक्यावर १८०० मीटरची भिंत उभी असते. १९३६ मध्ये गिर्यारोहक टोनी कुर्त्झ आणि त्याचे तिघं साथीदार तिथेच मरण पावले, आणि १९३८ च्या जुलैमध्ये हेकमायर, फ्यॉर्ग, कास्पारेक आणि हारर यांनी ती पहिल्यांदा चढली. दोन जर्मन, दोन ऑस्ट्रियन, निघाले वेगवेगळ्या जोड्यांनी आणि भिंतीवर एकत्र झाले. मी दुर्बीण नेली होती, वाटेवर बसून त्यांच्या चढाईची लाईन शोधत होतो, तासभर कसा गेला कळलं नाही. तुमच्या बाबांना हे आवडलं नाही तर मी नाव बदलेन.

फ्रँकफुर्टकर:
आयगर ट्रेलवरून भिंत दिसत नाही नीट. तुम्ही तिच्या इतके जवळ असता की मान मोडते, पूर्ण आकार कळत नाही. मेनलिखनहून क्लाइने शायडेगला जा, साडेचार किलोमीटर, जवळजवळ सपाट, आयगर म्योंख युंगफ्राउ तिन्ही शिखरं समोर.

कातळकडा:
फोटोत बसतं म्हणजे दिसतं असं नाही. भिंतीचा आवाज ऐकलाय का कधी, दगड पडतो तेव्हाचा? त्यांनी पायथ्याशी उभं राहायचंय असं स्पष्ट लिहिलंय.

डोंबिवली_लोकल:
मेनलिखन चांगलं आहे +१. आम्हाला तिथे वारा फार होता.

वजनदार_सॅक:
खाण्याचं कोणी बोललंच नाही. वर एक प्लेट रोश्टी म्हणजे बटाट्याच्या किसाचं थालीपीठ, चवीला मस्त पण चौघांचं बिल बघून पोट आपोआप भरतं. आम्ही गावातल्या सुपरमार्केटमधून ब्रेड, चीज, काकडी घ्यायचो, आणि घरून नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर वाटेवर बसून खायचो. पाणी विकत घेऊ नका, गावातल्या नळाचं बिनधास्त प्यायचं. पेढे-बर्फी, तूप नेऊ नका, दूध-मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायला बंदी आहे.

दुर्गवेडा_नाशिक:
आम्ही तर सगळं नेतो, कोणी विचारत नाही.

झुरिकवाली_मावशी:
विचारत नाहीत म्हणजे नियम नाही असं नाही. सापडलं तर काढून घेतात. कृपया असा सल्ला देऊ नका.

अजून एक, इंटरलाकेन ओस्टहून गाडीत बसताना डब्यावरचा बोर्ड बघा. ती गाडी त्स्वायल्युट्शिनेनला दोन तुकडे होते, एक ग्रिंडेलवाल्डला आणि एक लाउटरब्रुनेनला. माझे सासू-सासरे एका डब्यात आणि आम्ही दुसऱ्यात असं झालं होतं, सामान आमच्याकडे आणि फोन त्यांचा बंद. दीड तास मी स्टेशनवर रडकुंडीला आले होते.

गुंजवणेचा_पाटील:
पोरी, माझाही गुडघा आहे म्हणून विचारतो, बाबांना त्रास चढताना होतो की उतरताना? सगळे इथे 'गोंडोलाने वर जा आणि उतरत या' असंच सांगतायत. गुडघ्याच्या माणसाला उताराचीच भीती असते. मी दोन वर्षांपूर्वी असाच दोन तासांचा 'सोपा' उतार केला आणि पुढचे दोन दिवस हॉटेलच्या जिन्यावरून उलटा उतरत होतो. काठ्या दोन घ्या, एक नाही.

पानशेतची_पोर:
काका, बरोबर जागी बोट ठेवलंत. मी वर नीट लिहिलं नव्हतं. मेनिस्कसचं (गुडघ्यातल्या कूर्चेचं) ऑपरेशन झालंय, तेव्हापासून चढ काहीच वाटत नाही पण उतार नको होतो. मागच्या हिवाळ्यात राजगड केला गुंजवण्याकडून, चढायला दोन तास, माझ्या पुढे होते. उतरताना साडेतीन तास लागले आणि शेवटी ओठ घट्ट मिटून, एक शब्द न बोलता उतरले. ते बघून मलाच कसंतरी झालं होतं.

कातळकडा:
मग आयगर ट्रेल हळूहळू उतरा. दोनऐवजी चार तास घ्या.

तोरणा७६:
अशा गुडघ्याला रेल्वेच बरी. युंगफ्राउयोख.

फ्रँकफुर्टकर:
मेनलिखन. चढ नाही, उतार नावापुरता. मी सुरुवातीपासून म्हणतोय.

गुंजवणेचा_पाटील:
तीच वाट उलटी करता येते की. रॅक रेल्वेने (दातेरी रुळाच्या डोंगरी गाडीने) आल्पिग्लेनला उतरा, १६१६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम ३० मीटर कमी. तिथून चढत आयगरग्लेचर आणि वरून गाडीने किंवा गोंडोलाने खाली. चढायला तीन तासांच्या आसपास. सुरुवातीची वळणं उभी आहेत, मग बरीच आडवी वाट आहे भिंतीखालून.

कातळकडा:
उलटं कोणी करत नाही. ७०० मीटर चढ, ११ वर्षांची मुलगी, ६६ वर्षांचे वडील, आणि सगळी गर्दी समोरून उतरत येणार.

डोंबिवली_लोकल:
चढ नको. सुट्टीवर आलोय की शिक्षेवर?

झुरिकवाली_मावशी:
मीही चढायला सांगणार नाही खरंतर, उतरणंच सगळ्यांना जमतं. पण ठरवलंच तर दोन गोष्टी. उत्तरेकडची वाट आहे, बर्फ सरला नसेल तर जूनच्या शेवटीही बंद असू शकते. आदल्या संध्याकाळी रेल्वेच्या साइटवर वाट उघडी की बंद ते बघा, पाटीवर बंद लिहिलं असेल तर 'थोडं पुढे जाऊन बघू' करायचं नाही. आणि सकाळी लवकर निघा, इथे दुपारनंतर ढग जमतात, वीज चमकायला लागली की उघड्यावर थांबायला जागा नाही. हेलिकॉप्टर बचावाचा नंबर १४१४, फोनमध्ये टाकून ठेव.

दुर्गवेडा_नाशिक:
मावशींच्या बर्फाच्या मुद्द्याशी सहमत आहे, मी तो विचार केला नव्हता. माझा अनुभव ऑक्टोबरचा.

पानशेतची_पोर:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री बाबांना धागा वाचून दाखवला. कातळकडा यांची १९३८ ची पोस्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली, कास्पारेकचं नाव त्यांना पाठ होतं. मग चष्मा काढून म्हणाले, 'भिंतीकडे पाठ करून उतरायचं असेल तर मी येत नाही.'

तर आम्ही आल्पिग्लेनहून चढतोय. तुम्हा बहुतेकांच्या विरोधात जातेय याची कल्पना आहे. नवरा लेकीबरोबर हळू येईल, ती दमली किंवा चिडली तर ते दोघं पहिल्या तासातच आल्पिग्लेनला परत फिरतील, त्यांना उतार चालतो. मी आणि बाबा पुढे. वाट बंद असली तर त्या दिवशी आल्पिग्लेनहून क्लाइने शायडेगकडे जाणारी खालची वाट घेऊ, तीही चढाचीच. दुसऱ्या एका दिवशी बसने ग्रोसे शायडेग खिंडीपर्यंत आणि तिथून चालत फिर्स्ट, दीड तासाची वाट आहे म्हणतात, म्हणजे मावशींच्या हिशेबाने सव्वादोन, आणि फिर्स्टहून गोंडोलाने खाली. मेनलिखन आणि युंगफ्राउयोख नाही. हाफ फेअरच्या अर्ध्या भाड्याने मी बेरीज केली, २०० च्या आत बसतंय.

काठ्या दोन घेतल्या, बूट रविवारपासून घालून सिंहगड सुरू केलाय.

तोरणा७६:
वेळ उरला तर युंगफ्राउयोखचं मनात ठेवा.

गुंजवणेचा_पाटील:
वरून खालच्या शेवटच्या गाडीची आणि गोंडोलाची वेळ कागदावर लिहून खिशात ठेव, पोरी. ती चुकली तर तोच ७०० मीटर उतार त्यांना अंधारात उतरावा लागेल.

पानशेतची_पोर:
हो काका. लिहून ठेवते, बाबांच्याही खिशात एक चिठ्ठी देते.