कमी ऐकू येणे: फक्त कानाचे दुखणे की सगळ्या प्रकृतीचे?

अंत्रुजकर:
साठी उलटली की आपल्याकडे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते, रक्तातील साखर नेमाने तपासली जाते. कानांचा विषय मात्र ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून मिटवला जातो. हे दुर्लक्ष सगळ्या प्रकृतीला भोवते, असे माझे मत आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ धोके सांगितले, त्यांत श्रवणदोष वरच्या क्रमांकावर आहे. उतारवयात आधी उंच पट्टीचे आवाज जातात आणि स, श, फ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीतली असल्यामुळे बोलणे ऐकू येते, पण उलगडत नाही. गाळलेल्या जागा अंदाजाने भरण्यात मेंदू शिणतो आणि माणूस हळूहळू बोलणेच टाळू लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात साठीपुढील लोक ११ टक्क्यांहून अधिक होते. तेव्हा प्रत्येक आरोग्य केंद्रात साठीनंतर श्रवणचाचणी सक्तीची का नसावी?

बार्देशकर:
अंत्रुजकर, आपण नाण्याची एकच बाजू मांडली आहे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षे ‘अचीव्ह’ नावाची चाचणी झाली. २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा श्रवणयंत्र मिळालेला गट आणि केवळ आरोग्यशिक्षण मिळालेला गट यांच्या बौद्धिक घसरणीत एकंदर फरक दिसला नाही. असे असताना विस्मरणाची भीती घालून म्हाताऱ्यांच्या गळ्यात महागडी यंत्रे मारणे मला धंदेवाईकपणाचे वाटते.

अंत्रुजकर:
त्याच चाचणीत ज्यांना आधीपासून धोका अधिक होता, त्या गटाची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली, हे आपण सोडून दिलेत. शिवाय मी केवळ स्मृतीबद्दल बोलत नाही. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यात पडण्याचे प्रमाण अधिक आढळते, खिन्नताही अधिक. आणि रोजची गोष्ट घ्या: डॉक्टर गोळी ‘जेवणापूर्वी’ घ्यायला सांगतात, आजोबा ‘होय, होय’ म्हणून मान डोलावतात आणि घरी जेवणानंतर घेतात. मधुमेहाच्या रुग्णाला ही चूक महागात पडू शकते. याला पुराव्यासाठी तीन वर्षांची चाचणी लागत नाही.

सत्तरीकर:
आपण दोघेही आकड्यांवर भांडत आहात, म्हणून घरातले सांगते. आमच्या सासूबाईंचे यंत्र सुपारीच्या डब्यात पडून असते. विक्रेत्याने ते कानाला लावून दिले, पैसे घेतले आणि पुन्हा जुळवणीसाठी बोलावलेच नाही. चतुर्थीला घुमट-शामेळ या वाद्यांवरची आरती सुरू झाली, तेव्हा त्यांनी यंत्र कानातून उपटून काढले, कारण आवाज वाढला होता आणि शब्द होता तिथेच होता. त्यात आपल्याकडची दमट हवा. पावसाळ्यात नळीत पाणी धरते आणि यंत्र मुके होते. रोज रात्री ते ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवायचे असते, हे आम्हाला फार उशिरा कळले. चाचणी सक्तीची करा, माझी ना नाही; पण पहिल्या काही महिन्यांत वारंवार जुळवणी करून देणारा माणूस डिचोली-वाळपईकडे नसेल, तर आणखी डबे भरतील, एवढेच.

बार्देशकर:
ताईंचे म्हणणे मला पटते, कारण यंत्र विकणे सोपे आणि सांभाळणे कठीण. माझा आक्षेप मात्र कायम आहे: सक्ती नको. आधी आरोग्य केंद्रात नुसता कानातला मळ तपासा. कित्येकांचे बहिरेपण तेवढ्यानेच कमी होते आणि एक पैचे यंत्र लागत नाही.

अंत्रुजकर:
मळ आधी पाहावा, हे मान्य. पण तो काडी, हेअरपिन किंवा गरम तेल घालून घरी काढू नये. आणि एका कानाने अचानक, तासा-दोन तासांत किंवा रात्रीतून ऐकू येईनासे झाले, तर मळच असेल असे समजून वाट पाहू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे, कारण त्या दुखण्यावरील औषधाचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो.