व्हिएन्नात जमले ते १९३० साली हेगला का जमले नाही?

अभ्यागत

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या संहिताकरणाचा, म्हणजे रूढीने चालत आलेले नियम लेखी कलमांत बांधण्याचा, इतिहास वाचताना एका ठिकाणी अडखळले आहे. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत राजदूतांच्या दर्जाविषयीचे नियम मोजक्या कलमांत बसवले गेले आणि ते टिकले. उलट राष्ट्रसंघाने (पहिल्या महायुद्धानंतरची लीग ऑफ नेशन्स) १९२४ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली, सरकारांना प्रश्नावल्या पाठवल्या, त्यांची उत्तरे जमवली, आणि एवढ्या खटाटोपानंतर १९३० च्या मार्च-एप्रिलमध्ये हेगला जी परिषद भरली तिच्यात राष्ट्रीयत्व, प्रादेशिक समुद्र आणि परकीयांच्या नुकसानीबद्दल राज्याची जबाबदारी या तीनपैकी शेवटच्या दोन विषयांवर करारच होऊ शकला नाही. दोष तयारीत होता, विषयांत होता, की काळच वाईट होता?

तळटीप

व्हिएन्नाचे यश समजून घ्यायचे तर त्याआधीची भांडणे पाहावी लागतात. १६६१ मध्ये लंडनला स्वीडनच्या नव्या राजदूताच्या आगमनप्रसंगी कोणाची बग्गी पुढे राहणार यावरून स्पॅनिश आणि फ्रेंच राजदूतांच्या माणसांत भररस्त्यात मारामारी झाली, आणि तीत माणसेही मेली, घोडेही मेले. स्पॅनिश मंडळींनी घोड्यांच्या साजात आधीच लोखंडी साखळ्या घालून ठेवल्या होत्या, म्हणजे कोणी चामडे कापायला धावला तरी बग्गी अडायची नाही! व्हिएन्नाने कोणते राज्य मोठे हा प्रश्न सोडवला नाही, तो बाजूला ठेवला. राजदूतांचे तीन वर्ग केले आणि एकाच वर्गात ज्याने आपल्या आगमनाची अधिकृत सूचना आधी दिली तो पुढे, असे ठरवले. तारखेपुढे मागे राहण्यात कोणाचाच मानभंग नव्हता.

१८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग घोषणेचेही तसेच आहे. ४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची स्फोटक गोळी युद्धात वापरू नये, हे रशियाच्या पुढाकाराने ठरले, आणि तशी गोळी रशियाच्याच सैन्याकडे होती. आज आपल्याकडे आहे ती उद्या सगळ्यांकडे येणार, हे ओळखल्यावर बंदीत तोटा उरत नाही.

जुना वाचक

तळटीप यांच्याशी सहमत आहे. फक्त काळाला दोष देता येणार नाही, असे मला वाटते. १९०७ च्या हेग परिषदेला ४४ राष्ट्रे आली होती आणि महायुद्धाला अजून सात वर्षे होती. युद्धात पकडलेल्या जहाजांचे खटले चालवण्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालय हवे, यावर तिथे करार झाला. पण ते न्यायालय कोणता कायदा लावणार यावर मात्र एकमत नव्हते. म्हणून १९०९ मध्ये लंडनला ७१ कलमांची घोषणा तयार केली, ब्रिटनच्या उमरावांच्या सभागृहाने त्यासंबंधीचे विधेयक फेटाळले, आणि न्यायालय कागदावरच राहिले.

१९३० च्या अपयशाचे मूळ मी प्रादेशिक समुद्राच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या राज्याच्या अखत्यारीतल्या पट्ट्याच्या, रुंदीत पाहतो. तीन सागरी मैलांचा नियम ब्रिटन, अमेरिका यांसारख्या मोठ्या आरमारी सत्ता सर्वमान्य रूढी म्हणून सांगत असत. नॉर्वे आणि स्वीडन चार मैलांवर ठाम होते, इटली आणि स्पेनसारख्या देशांना सहा हवे होते, आणि काहींना त्यापलीकडे जकात व सुरक्षेसाठी आणखी एक पट्टा मिळाल्याशिवाय तीन मैल मान्यच नव्हते. तोपर्यंत ही मतभिन्नता वेगवेगळ्या दप्तरांत विखुरलेली होती. परिषदेने प्रत्येकाला आपला आकडा बोलून दाखवायला लावले, आणि जी रूढी मोघम असल्यामुळे चालून जात होती ती सर्वांसमक्ष डळमळीत झाली. मला तरी हाच परिषदेचा सर्वांत टिकाऊ परिणाम वाटतो: ज्यांनी नियम पक्का करायला घेतला त्यांच्याच हातून तो सैल झाला.

परकीय नागरिकांच्या नुकसानीबद्दल राज्याची जबाबदारी हा विषयही असाच रुतला. परक्याला स्वतःच्या नागरिकाइतकेच वागवले की पुरे, असे एका गटाचे म्हणणे होते. दुसऱ्या गटाला त्याखेरीज वागणुकीचा एक किमान आंतरराष्ट्रीय दर्जा हवा होता.

सागरिका

"अपयश" हा शब्द जरा घाईचा होतो आहे. राष्ट्रीयत्वाचा करार झाला आणि १९३७ मध्ये तो अमलातही आला. आपले नागरिक कोण हे प्रत्येक राज्य स्वतःच्या कायद्याने ठरवील, हे त्याचे पहिलेच कलम. मात्र विवाहित स्त्रीचे राष्ट्रीयत्व पतीच्या राष्ट्रीयत्वाशी बांधणारी पद्धत त्या कराराने मोडली नाही. लग्नामुळे ती कोणत्याच देशाची उरू नये एवढीच काळजी घेतली. स्त्री-संघटनांनी हेगला जाऊन याचा निषेध केला आणि अमेरिकेने करारावर सही केली नाही. तीनच वर्षांनी मोंतेविदेओला अमेरिका खंडातील राष्ट्रांनी राष्ट्रीयत्वात लिंगभेद नसावा असा वेगळा करार केला.

अभ्यागत

सर्वांचे आभार. म्हणजे "तयारी जास्त, फलित कमी" ही माझी मांडणीच चुकीची होती. प्रश्नावल्यांनी मतभेद मिटवले नाहीत, उघडे पाडले. एक शंका उरते. हे पाहिल्यावर पुढच्या पिढीने पद्धत बदलली का?

जुना वाचक

बदलली. संयुक्त राष्ट्रांनी १९४७ मध्ये आंतरराष्ट्रीय कायदा आयोग स्थापन केला आणि मसुद्यांना वर्षानुवर्षांचा वेळ दिला. तरीही १९५८ च्या जिनिव्हा परिषदेत समुद्राचे चार करार झाले, पण प्रादेशिक समुद्राची रुंदी ठरली नाही, आणि १९६० च्या दुसऱ्या परिषदेतही ती हुकली. बारा सागरी मैलांची कमाल मर्यादा करारात आली ती १९८२ मध्ये. राज्याच्या जबाबदारीवरची कलमे आयोगाने २००१ मध्ये पूर्ण केली, आणि त्यांचा करार अजूनही झालेला नाही.