लाइम म्हणजे फिका हिरवा नव्हे

लाइम रंगावरच्या या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की हिरव्यात पांढरा मिसळला की झाला लाइम. नाही पटत. पांढरा घातलात तर पिस्ता मिळेल; लाइमला पिवळा लागतो. स्क्रीनवर लाल, हिरवा, निळा प्रत्येकी ० ते २५५ असे मोजतात; तिथे हिरवा २५५, लाल साधारण १९१ आणि निळा शून्य ठेवून बघा. आता लाल वाढवत न्या, २५५ ला निव्वळ पिवळा होतो. कमी करत गेलात तर पोपटी. वेबपानांच्या रंगयादीत मात्र 'लाइम' म्हणजे लाल शून्य, निळा शून्य, फक्त हिरवा २५५! तिथूनच बराचसा घोळ सुरू होतो.

लाइम डोळ्यांत खुपतो ही काहींची तक्रार रास्त आहे. उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाच्या आसपास, म्हणजे पिवळसर हिरव्याला, सर्वाधिक संवेदनशील असतो. रस्त्यावरच्या कामगारांची जॅकेटं याच पट्ट्यातली. त्यातलं फ्लुरोसंट द्रव्य अतिनील आणि निळा प्रकाश शोषून पिवळसर हिरवा बाहेर टाकतं, म्हणून तिन्हीसांजेच्या निळसर उजेडात ती जास्तच उठून दिसतात. रात्री काळोखात मात्र जॅकेटवरच्या चंदेरी पट्ट्याच कामाला येतात.

टेनिसचं उदाहरण कुणी दिलं नाही, आश्चर्य आहे. टीव्हीवर नीट दिसावा म्हणून १९७२ मध्ये पिवळा चेंडू नियमांत आला. विम्बल्डनने १९८६ पर्यंत पांढऱ्याचा हट्ट सोडला नाही. तो चेंडू पिवळा की हिरवा यावर लोक अजून हमरीतुमरीवर येतात. माझं मत लाइमला.

आणि हो, ज्यांना खोली रंगवायची आहे त्यांनी एकच भिंत रंगवा. चारही रंगवल्यात तर आत बसलेल्यांचे चेहरे आजारी दिसतील.