पॉवरशेल २.० ला डॉटनेट ४ वापरायला कसे लावावे?

प्रश्न: विंडोज ७ वरील पॉवरशेल २.० (आज्ञा व स्क्रिप्ट चालवणारे शेल) मध्ये डॉटनेट ४ (मायक्रोसॉफ्टची प्रोग्रॅम चालवण्याची चौकट) साठी बांधलेली डीएलएल (तयार कोडची फाइल) ‘ॲड-टाइप’ या आज्ञेने घेऊ लागलो की, ती सध्याच्या रनटाइमपेक्षा (प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेपेक्षा) नव्या रनटाइमवर बांधलेली आहे असे सांगून शेल ती नाकारते. डॉटनेट ४ संगणकावर आहे. मग असे का व्हावे?

उत्तर: डॉटनेट ४ असले, तरी पॉवरशेल २.० सुरू होताना सीएलआर (डॉटनेटचा रनटाइम) २.० च उचलते. पॉवरशेलच्या ईएक्सई फाइलशेजारी, तिच्याच पूर्ण नावापुढे ‘डॉट कॉन्फिग’ जोडलेली फाइल तयार करून तिच्या ‘स्टार्टअप’ घटकात ‘सपोर्टेडरनटाइम’च्या दोन ओळी, आधी व्ही४.०.३०३१९ आणि मग व्ही२.०.५०७२७, याच क्रमाने लिहाव्यात.

दुसरे उत्तर: ६४-बिट विंडोजवर ३२-बिट शेल ‘सिसवाऊ६४’ फोल्डरमध्ये वेगळे असते आणि आयएसईलाही (पॉवरशेलच्या स्क्रिप्ट लिहिण्याच्या खिडकीलाही) स्वतंत्र फाइल लागते, हे बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मात्र हा बदल त्या संगणकावरील प्रत्येक स्क्रिप्टला लागू होतो. म्हणून शक्य असेल तर विंडोज मॅनेजमेंट फ्रेमवर्क ३.० (ज्यात पॉवरशेल ३.० येते) बसवणेच मला अधिक योग्य वाटते, कारण पॉवरशेल ३.० मुळातच सीएलआर ४ वर चालते.

प्रश्नकर्ता: शेल बंद करून पुन्हा उघडल्यावर ‘पीएसव्हर्जनटेबल’मध्ये (शेलच्या आवृत्त्यांच्या यादीत) ‘सीएलआरव्हर्जन’समोर ४.० दिसले आणि डीएलएलही विनातक्रार घेतली गेली. मनःपूर्वक आभार.