मदत हवी आहे: श्वासाने हलणारं यकृत आणि डोसचा हिशेब

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितेय. ल्युटेशियम-१७७ (गाठींवरचं किरणोत्सारी औषध) दिल्यानंतरच्या स्पेक्ट-सीटीवरून यकृतातल्या गाठींना मिळालेला किरणांचा डोस काढतेय. (स्पेक्ट औषधातून येणारे किरण टिपतं, सीटी शरीराची रचना दाखवतं.) घोळ असा, की सीटी काही सेकंदांत उरकतं, स्पेक्टला १५-२० मिनिटं लागतात. तेवढ्यात पेशंटचे दोन-तीनशे श्वास होतात आणि दर श्वासाला यकृत सेंटिमीटरभर तरी खाली-वर सरकतं. लहान गाठ पसरट दिसते, काउंट्स (टिपलेल्या किरणांची मोजणी) आजूबाजूला सांडतात, डोस कमी भरतो. त्यात सीटी खोल श्वासात झालं, तर यकृताच्या वरच्या कडेला हिशेबात फुप्फुसाचं अटेन्युएशन (शरीरात किरण किती अडतात ते प्रमाण, यकृतापेक्षा कमी) लागतं. तिथली मोजलेली किरणोत्साराची अ‍ॅक्टिव्हिटी आणखीच घटते. (परवा "सावकाश श्वास घ्या" म्हटलं, तर आजोबांनी प्राणायामच सुरू केला!) गेटिंग (श्वासाच्या टप्प्यांनुसार वेगवेगळी मोजणी) केलं तर काउंट्स विभागले जाऊन प्रतिमा दाणेदार होते. मग शांत श्वासातलं सीटी पुरतं का? फँटम (शरीराऐवजी चाचणीसाठी वापरायचा नमुना) हलवून कुणी रिकव्हरी फॅक्टर (खऱ्यापैकी किती भाग मोजला जातो ते प्रमाण) काढलेत का?